मीटरमधलं सिम कोणाचं? वीज नियामक आयोगाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

सप्रेम नमस्कार,

मी एका तालुक्याच्या गावात गेली वीस-एकवीस वर्षं केबलचा धंदा करतो, आधी नुसता टीव्ही होता, आता टीव्हीपेक्षा इंटरनेटच जास्त चालतं. आमची वायर विजेच्या पोलवरूनच जाते, त्याचं भाडं भरतो, त्यामुळे वीज आणि टेलिकॉम एका खांबावर कसे नांदतात ते रोज शिडीवर चढून बघतो. वकील नाही, इंजिनियर नाही, कुठल्या पक्षाचा तर नाहीच नाही. पण हा विषय माझ्या हाताखालचा आहे म्हणून लिहितोय, आणि लांबलं तरी कृपया शेवटपर्यंत वाचा.

मागे आमच्या घरी नवीन मीटर बसला. कॉन्ट्रॅक्टरची दोन पोरं आली होती, चांगली पोरं, आईने चहा दिला. मी विचारलं ह्यात सिम आहे का रे, तर म्हणाला हो काका, आहे. म्हटलं कोणाच्या नावावर? म्हणाला ते वरून येतं काका, आम्हाला फक्त बसवायचं असतं. त्याला माहीत असायचं कारणही नाही, चार स्क्रू, सील, एक फोटो आणि पुढचं घर, एवढंच त्याचं काम. पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. माझ्या घराच्या भिंतीवर एक फोनच लावलाय म्हणा ना, तो चोवीस तास चालू, त्याचा खर्च फिरून माझ्याच वीजदरात येणार, आणि तो कोणाशी काय बोलतो हे मला विचारायचं झालं तर कुठे विचारायचं तेच माहीत नाही.

आधीच सांगतो, मी स्मार्ट मीटरच्या विरोधात नाही. दार बंद दिसलं म्हणून सरासरी बिल, मग ते दुरुस्त करायला हेलपाटे, हे ज्याने भोगलंय त्याला रोज आपोआप रीडिंग जाण्याचं मोल कळतं. आकडे टाकून वीज घेणाऱ्यांचा भार प्रामाणिक माणसावर पडतो, तोही डीपीवर एक आणि घराघरात एक मीटर असला की हिशोब लागून कमी होऊ शकतो. आणि १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर घरगुती ग्राहकाला जी सवलत सुरू झाली ती ह्या मीटरशिवाय देताच आली नसती, कारण जुन्या मीटरला युनिट कळायचे, वेळ कळायची नाही. आमची आई आता पाण्याची मोटार दुपारी लावते. हे सगळं मान्य.

पण वेळ कळायला लागली ना, इथेच सगळं बदललं. जुना मीटर महिन्याला एक आकडा सांगायचा. नवीन मीटर दर अर्ध्या तासाचा किंवा पंधरा मिनिटांचा वापर साठवतो आणि पाठवतो, म्हणजे अर्ध्या तासाचा धरला तरी महिन्याला चौदाशेच्या वर आकडे. ते आकडे ओळीने मांडले की घर कधी उठतं, गिझर किती वेळ चालतो, सगळे कामाला किती वाजता बाहेर पडतात, दिवाळीत किती दिवस गावाला गेले होते, रात्री तीनला दिवा लागतो म्हणजे घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे का, हे सगळं त्यात असतं. हे मी भीती घालायला सांगत नाही. नेदरलँड्समध्ये २००९ साली संसदेच्या वरच्या सभागृहाने सक्तीचे स्मार्ट मीटर नेमक्या ह्याच कारणाने अडवले होते, आणि अमेरिकेत नेपरव्हिल नावाच्या शहराच्या केसमध्ये २०१८ ला तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की पंधरा पंधरा मिनिटांचा असा डेटा गोळा करणं ही घराची झडती घेण्यासारखीच गोष्ट आहे. वीजपुरवठ्याच्या कामासाठी म्हणून कोर्टाने ती चालवून घेतली, पण झडती म्हटली. आपल्याकडेही २०१७ पासून खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलेलं आहे.

आता टेलिकॉमचं बघा. मोबाईल कंपनीला माणूस बाहेर कुठे फिरतो ते टॉवरवरून कळतं. वीज कंपनीला घरात काय चाललंय ते मीटरवरून कळतं. ही दोन खाती वेगवेगळ्या मालकांकडे आहेत तोपर्यंत अर्धी अर्धी आहेत. ज्या दिवशी ती एका घराण्यात किंवा एका करारात येतील त्या दिवशी माणसाचा पूर्ण दिवस एका ठिकाणी दिसायला लागेल, आणि त्यावर कर्ज, विमा, जाहिरात काय वाट्टेल ते विकता येईल. म्हणून वीज कंपन्यांना टेलिकॉम कंपन्या विकत घ्यायची ओढ का असते, हा प्रश्न शेअर बाजारवाल्यांचा नाही, तो तुमच्या टेबलावरचा प्रश्न आहे असं माझं म्हणणं आहे.

आणि ही ओढ आजची नाही. इटलीची गोष्ट सांगतो कारण ती पूर्ण घडून गेलेली आहे, सुरुवात आणि शेवट दोन्ही बघता येतात. एनेल ही तिथली मोठी वीज कंपनी, सरकारी होती. तिने १९९७ साली फ्रान्स आणि जर्मनीच्या टेलिकॉम कंपन्यांना बरोबर घेऊन विंड नावाची फोन कंपनी काढली. मग २००० साली व्होडाफोनकडून इन्फोस्ट्राडा ही लँडलाईन-इंटरनेटची कंपनी घ्यायचं ठरवलं, आधी ठरलेली किंमत ११ अब्ज युरो, पुढे घासाघीस होऊन सव्वासात अब्जावर आली. आणि जवळपास त्याच काळात, म्हणजे २००१ पासून, हीच कंपनी इटलीत घरोघरी स्मार्ट मीटर बसवत होती, पाच-सहा वर्षांत तीन कोटींच्या आसपास, जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर तोपर्यंत कोणी केलं नव्हतं. एका हाताने मीटर, दुसऱ्या हाताने फोन.

तिथल्या स्पर्धा आयोगाने काय केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी इन्फोस्ट्राडाची खरेदी फक्त टेलिकॉमचा व्यवहार म्हणून बघितली नाही. ते म्हणाले विजेचे जवळजवळ सगळे गिऱ्हाईक आधीच तुमच्याकडे आहेत, वीज आणि फोन एकत्र विकायला लागलात तर विजेतली तुमची मक्तेदारी आणखी घट्ट होईल, म्हणून फोन कंपनी घ्यायची असेल तर आधी ५,५०० मेगावॅटची वीजनिर्मिती विका. फोनच्या खरेदीला विजेची अट! ती अट पुढे कोर्टात टिकली नाही हे खरं आहे, पण हे दोन धंदे एकमेकांत गुंतलेले आहेत हे पंचवीस वर्षांपूर्वी एका सरकारी संस्थेने ओळखून लेखी ऑर्डर काढली होती. आपल्याकडे अजून कोणी ओळखलेलंच दिसत नाही.

पुढे काय झालं, तर २००५ मध्ये एनेलने विंड विकून टाकली, एका इजिप्शियन उद्योगपतीच्या कंपनीला. मग दहा वर्षांनी परत ओढ लागली. मीटर जुने झाले होते, नवीन पिढीचे बसवायचे होते, म्हणून २०१५ च्या शेवटी फायबरची वेगळी कंपनी काढली, की आपले खांब आहेत, आपले पाईप आहेत, दारोदार माणूस जाणारच आहे तर बरोबर फायबरही नेऊ. २०१६ ला मिलानची मेट्रोवेब ही फायबर कंपनी विकत घेतली. आणि २०२१ ला त्या फायबर कंपनीतला आपला सगळा हिस्सा विकून परत बाहेर. मी कोणाला नावं ठेवत नाही, धंदेवाला माणूस भाव आला की विकतो, मीही विकेन. पण बघा, चोवीस वर्षांत दोनदा आत आणि दोनदा बाहेर, मालक बदलले, कंपन्यांची नावं बदलली, आणि मीटर मात्र त्याच भिंतीवर राहिला.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. रिलायन्स इंडस्ट्रीज तेल आणि गॅसवाली कंपनी, तिने जून २०१० मध्ये इन्फोटेल ब्रॉडबँडचा ९५ टक्के हिस्सा ४,८०० कोटींना घेतला आणि त्यातून आजचं जिओ उभं राहिलं. मुंबई उपनगरात तर एक काळ असा होता की घरचं विजेचं बिल आणि हातातला मोबाईल दोन्ही अनिल अंबानी ग्रुपचेच. मग ती मोबाईल कंपनी २०१७ च्या शेवटी बंद पडली, आणि वीज २०१८ मध्ये अदानींकडे गेली, १८,८०० कोटींचा सौदा. २०१७-१८ चा तो काळ मला नीट आठवतो कारण तेव्हा दुकानात रांग लागायची, नेटवर्क गेलं पोर्ट करून द्या म्हणून, नंतर एअरसेल गेली तेव्हा परत तेच. लोकांनी कसंबसं पोर्ट केलं. मीटरमधलं सिम कोण पोर्ट करणार? ते माझ्या हातात नाही, मला त्याचा नंबरसुद्धा माहीत नाही.

आता अलीकडचं. २०२२ च्या ५जी लिलावात अदानी ग्रुपच्या कंपनीने २६ गिगाहर्ट्झचं ४०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाईलच्या लहरी वापरायचा हक्क, २१२ कोटींना घेतलं. तेव्हा त्यांनी उघड सांगितलं होतं की सर्वसामान्यांना मोबाईल द्यायचा नाही, आपलीच विमानतळं, बंदरं, वीजनिर्मिती, पारेषण, वितरण ह्यांच्यासाठी खाजगी नेटवर्क करायचंय. २०२३ मध्ये महावितरणच्या स्मार्ट मीटरची कंत्राटं निघाली, त्यात भांडुप, कल्याण, कोकण, पुणे, बारामती मिळून सुमारे १ कोटी १६ लाख मीटर त्याच ग्रुपकडे, रक्कम १३,८८८ कोटी. २०२४ मध्ये एअरटेल आणि अदानी एनर्जी सोल्युशन्स यांनी जाहीर केलं की दोन कोटींहून जास्त स्मार्ट मीटरना एअरटेल कनेक्टिव्हिटी देणार. आणि एप्रिल २०२५ मध्ये ते स्पेक्ट्रमही एअरटेलला द्यायचा करार झाला. ह्यात बेकायदेशीर काही आहे असं मी म्हणत नाही, सगळं जाहीर करून झालेलं आहे. पण तीन वर्षांत एक वीज ग्रुप टेलिकॉममध्ये शिरला आणि बाहेर पडायला निघाला, मीटर आणि सिम एकमेकांना बांधले गेले, आणि ह्यातला कुठला टप्पा तुमच्या सुनावणीत आमच्यासमोर आला? मी तरी पाहिला नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण मला वाटतं भोक तिथे आहे.

विद्युत कायदा २००३, कलम ५१. वितरण कंपनीला आपले पोल, वायर, जागा वापरून दुसरा धंदा करता येतो, आयोगाला आधी कळवून, पण त्या कमाईतला काही हिस्सा वीजवहनाचा आकार, म्हणजे तारांवरून वीज आणून देण्याचे बिलात लागणारे पैसे, कमी करायला वापरायचा, किती ते आयोग ठरवणार. फार शहाणं कलम आहे हे. कारण पोल ग्राहकाच्या पैशाने उभा आहे, त्याच्यावरून दुसरं काही विकलं तर थोडं ग्राहकाला परत यायला पाहिजे. माझं पोलभाडंसुद्धा वितरण कंपनीच्या हिशोबात दराबाहेरचं उत्पन्न म्हणून धरतात आणि तेवढ्याने दराचा बोजा हलका होतो, रक्कम लहान असेल पण तत्त्व बरोबर आहे. वरच्या पातळीवरही तसंच, पारेषणच्या उंच टॉवरवर सगळ्यात वरची जी एकटी तार दिसते ना, वीज पडली तर ती अंगावर घ्यायला लावलेली, तिच्या पोटात आता बऱ्याच ठिकाणी ऑप्टिकल फायबर असतं, केंद्र सरकारची पारेषण कंपनी पॉवरग्रिड ते भाड्याने देऊन टेलिकॉमचा धंदा करते, त्याला कलम ४१ लागू आहे, तिथेही कमाईचा वाटा परत द्यायचा नियम आहे.

पण स्मार्ट मीटरचं नेटवर्क वितरण कंपनीचं नाहीच! ते कंत्राटदाराचं आहे. तोच डिझाईन करणार, बांधणार, पैसा घालणार, मालक राहणार, दहा-एक वर्षं चालवणार आणि मग हस्तांतर करणार, आणि त्याला मीटरमागे दर महिन्याला पैसे मिळणार. वरच्या १३,८८८ कोटींना १ कोटी १६ लाख मीटरनी भागलंत तर मीटरमागे जवळजवळ १२ हजार येतात, त्यात केंद्राचं अनुदान फार तर ९०० रुपये. बाकीचे कुठून येणार? ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेत नाही असं सांगतात ते हातात पावती न देण्यापुरतं बरोबर आहे, पण मासिक पैसे वितरण कंपनीच्या खर्चात जाणार आणि तो खर्च दराच्या याचिकेत तुमच्यासमोरच येणार. म्हणजे खर्चाला आम्ही आहोत. आणि कमाईला? कलम ५१ लायसन्सधारकाबद्दल, म्हणजे वीज वाटायचा परवाना असलेल्या कंपनीबद्दल बोलतं, कंत्राटदार लायसन्सधारक नाही. उद्या त्याने किंवा त्याच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीने ह्याच नेटवर्कवरून पाण्याचे मीटर, गॅसचे मीटर, गल्लीतले कॅमेरे चालवले, किंवा आमच्या डेटावर काही सेवा विकल्या, तर त्यातलं ग्राहकाला काय मिळणार हे कुठे लिहिलंय? कंत्राटात डेटा वितरण कंपनीचा असं लिहिलेलं असलं तरी ते दोन कंपन्यांमधलं कंत्राट आहे, मी त्यात कुठेच नाही, ते मोडलं तर दाद मी कुठे मागायची?

तसंच कलम १७. एका लायसन्सधारकाने दुसऱ्याचा वीज व्यवसाय घ्यायचा असेल, विलीन करायचा असेल, तर आयोगाची आधी परवानगी लागते. २०१८ चा मुंबईचा सौदा म्हणूनच तुमच्याकडे आला होता. पण मीटर चालवणारी कंपनी विकली गेली, तिचा ग्रुप एखाद्या टेलिकॉम कंपनीत हिस्सा घ्यायला निघाला, किंवा उलट टेलिकॉम कंपनीने मीटरवाली कंपनी घेतली, तर तुमच्या दारात कोणालाच यावं लागत नाही. ५०० घरांचा केबलवाला मी, मला नेटवर्क विकायचं झालं तर वरच्या ऑपरेटरला कळवून नवीन करार करावा लागतो. कोट्यवधी घरांच्या मीटरला एवढंही नको?

आणि हे फक्त डेटाचं नाही, बटणाचंही आहे. स्मार्ट मीटर लांबून बंद करता येतो. उत्तर प्रदेशात ऑगस्ट २०२० मध्ये नेमकी जन्माष्टमीला चुकीची कमांड गेली आणि दीड लाखाहून जास्त घरांची वीज एकदम गेली, सरकारला मीटर बसवणं थांबवावं लागलं होतं. लाईनमनने चूक केली तर एक गल्ली अंधारात जाते. म्हणून त्या बटणावर कोणाचा हात आहे, त्या हाताचा मालक बदलला तर कोण तपासणार, हे विचारणं म्हणजे विकासाला विरोध नाही.

ब्रिटनमध्ये मीटर आणि वीज कंपनी ह्यांच्यामधला निरोप नेण्याचं काम वेगळं काढून त्यालाच स्वतंत्र लायसन्स दिलंय, २०१३ पासून, आणि त्यावर तिथल्या ऊर्जा नियामकाची थेट नजर आहे. ती व्यवस्था निर्दोष नाही, तिथेही कंपनी बदलली की मीटर मुके झाल्याच्या तक्रारी खूप झाल्या. पण निदान दाद कोणाकडे मागायची ते ठरलेलं आहे.

आमचं मागणं फार मोठं नाही. मीटरचं नेटवर्क चालवणारा कोणीही असो, त्याची मीटरसोडून होणारी कमाई कलम ५१ च्या धर्तीवर दराच्या हिशोबात आणा, वितरण कंपनीला सांगा की कंत्राटात तशी अट घाला, झालेल्या कंत्राटात पुरवणी करार करून घाला. अर्ध्या तासाचा डेटा बिल, सवलत आणि चोरी पकडणं एवढ्यासाठीच वापरायचा, बाकी कशालाही माझी लेखी परवानगी, आणि ग्रुपमधली बहीण कंपनीसुद्धा परकीच धरायची. मालकी बदलणार असेल तर आधी आयोगासमोर जाहीर सुनावणी, मराठीत नोटीस, आणि ती नुसती मुंबईत नको, नागपूर, नाशिक, संभाजीनगर, पुणे सगळीकडे. आणि बिलावर एक ओळ छापा, ह्या मीटरचं सिम कोणत्या कंपनीचं, नेटवर्क कोण चालवतं, तक्रार कुठे करायची. मीटर नंबर छापता, बिलिंग युनिट छापता, पीसी नंबर छापता, त्यात एक ओळ वाढली तर कागद फाटणार नाही.

एक माणूस म्हणाला, अहो तुम्ही केबलवाले, तुमचा धंदा जाईल म्हणून ओरडताय. म्हणून तेही इथेच सांगून ठेवतो. विजेच्या खांबावरून वीज कंपनीनेच स्वस्त इंटरनेट दिलं तर माझा धंदा जाईल हे खरं आहे, आणि ते ग्राहकाच्या फायद्याचं असेल तर जाऊ दे, टीव्हीवरून इंटरनेटवर आलो तसा आणखी कशावर तरी जाईन. पण माझ्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी पेन्शनमधून बिल भरायचं, त्या पैशावर उभ्या राहिलेल्या नेटवर्कचा फायदा दुसऱ्याने घ्यायचा आणि त्यांना त्याचा पत्ताही नसायचा, हे मला बघवत नाही. आमच्या गावात निम्म्या लोकांना अजून वाटतं की मीटर फक्त युनिट मोजतो.

प्रताप होगाडे यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं तुमच्यासमोर उभं राहून वीजग्राहकांची बाजू मांडतायत, त्यांच्याइतका अभ्यास माझा नाही. पण पुढच्या दराच्या याचिकेवर सूचना-हरकती मागवाल तेव्हा हेच पत्र सही करून, सहा प्रती काढून पाठवणार आहे, आणि सुनावणीला स्वतः येणार आहे. तेव्हा माझा नंबर आला की एवढंच विचारेन, मीटरमधलं सिम कोणाचं, आणि त्याचं उत्तर तुमच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं मला वाचायचंय.

आपला,
एक घरगुती वीजग्राहक आणि केबलवाला